आरडी सांगून गळ्यात मारलेली विमा पॉलिसी: २,४८,१०० भरले, हातात ८४,०००

महिन्याला १०,००० रुपये, पाच वर्षं, जोखीम नको, अडचण आली तर मोडता यावं. बँकेत जाऊन मागणी एवढीच केली होती. टेबलापलीकडच्या माणसाने सांगितलं, "आरडीच आहे सर, फक्त व्याज जास्त आणि वर विमा फुकट." जुलै २०२२ मध्ये जे सुरू झालं ती आरडी नव्हती. १२ वर्षं हप्ते भरायची, २० वर्षं मुदतीची एंडोमेंट (विमा आणि बचत एकत्र) पॉलिसी होती.

बँका विमा कंपन्यांचे कॉर्पोरेट एजंट असतात, पॉलिसी विकली की कमिशन मिळतं आणि शाखेला टार्गेट असतं, हे सगळ्यांना माहीत आहे. मलाही होतं. तरीही फसलो, कारण ज्या टेबलावर वर्षानुवर्षं एफडीच्या पावत्या हातात पडल्या त्याच टेबलावरून हे विकलं गेलं. बाहेरचा एजंट असता तर दारातूनच परत पाठवला असता.

खरी चीड त्या पहिल्या हप्त्याची येते. खात्यातून १०,००० नाही, १०,४५० गेले. जास्तीचे ४५० म्हणजे पहिल्या वर्षाच्या प्रीमियमवरचा साडेचार टक्के जीएसटी. आरडीत पैसे टाकायला जीएसटी लागत नाही! ही एक ओळ त्या दिवशी डोक्यात आली असती तर पॉलिसी मुदतीत परत करता आली असती. विचारलं तर उत्तर मिळालं, "पहिल्या वर्षाचे चार्जेस आहेत." दुसऱ्या वर्षी कर सव्वादोन टक्क्यांवर आला, हप्ता १०,२२५ झाला आणि ते उत्तर खरंच वाटलं. नव्याने पैसे गुंतवणाऱ्यांना ही खूणही मिळणार नाही, कारण २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक जीवन विम्यावर जीएसटीच नाही. आता हप्ता बरोबर १०,००० चाच कापला जाईल.

म्हणून दुसऱ्या खुणा बघा. फॉर्ममध्ये उंची, वजन, धूम्रपान, घरातल्यांचे आजार विचारले की थांबा. आरडीला तुमचं वजन लागत नाही. आरडी उघडली की नेटबँकिंगमध्ये ठेवींच्या यादीत तिचा खाते क्रमांक, व्याजदर आणि मुदतपूर्तीची तारीख दिसते. तिथे काही दिसत नसेल आणि पासबुकात हप्त्यासमोर विमा कंपनीचं नाव असेल, तर त्याच दिवशी शाखेत जा.

नंतर येतो विमा कंपनीचा व्हेरिफिकेशन कॉल. "सगळ्याला हो म्हणा, नाहीतर प्रोसेस अडकते," असं आधीच पढवलेलं असतं. फोनवर भरभर विचारतात: ही विमा योजना आहे हे माहीत आहे ना, हप्ता १२ वर्षं भरायचा आहे हे समजलं ना, बँकेच्या ठेवीशी याचा संबंध नाही हे सांगितलं ना? टॅबवर भरलेला फॉर्म, एका ओटीपीने झालेली सही आणि हे तीन "हो". पुढची प्रत्येक तक्रार या तीन होकारांवर आपटून परत येते. अशा कॉलवर "नाही, मला आरडी सांगितली आहे" एवढंच म्हणा, विक्री तिथेच अडते.

आता हिशोब. पहिल्या वर्षी १०,४५० गुणिले १२ म्हणजे १,२५,४००. दुसऱ्या वर्षी १०,२२५ गुणिले १२ म्हणजे १,२२,७००. एकूण २,४८,१००. सरेंडर व्हॅल्यू, म्हणजे पॉलिसी मुदतीआधी मोडली तर मिळणारी रक्कम, मात्र कर वगळून धरतात, म्हणजे २,४०,००० वर. त्या वेळच्या नियमाने पूर्ण दोन वर्षं भरल्याशिवाय काहीच मिळत नव्हतं, आणि तिसऱ्या वर्षात पॉलिसी मोडली तर हमीची रक्कम ३५ टक्के. हातात आले ८४,०००. गेले १,६४,१००. बँकेची साधी आरडी मध्येच मोडली तर व्याज थोडं कमी मिळतं, मुद्दलाला हात लागत नाही.

यानंतर दाद मागायला निघालं की कळतं, कोणालाच ऐकायचं नसतं. ज्याने विकली त्याची बदली झालेली. मॅनेजर म्हणतात, विमा हा तुमचा आणि कंपनीचा करार, बँकेचा संबंध नाही. विक्री करताना टेबल बँकेचं, गळ्यातलं ओळखपत्र बँकेचं, आणि संबंध नाही? कंपनी म्हणते, विकलं बँकेने, त्यांना विचारा, आणि फोनवर त्या व्हेरिफिकेशन कॉलचं रेकॉर्डिंग ऐकवते. त्याची प्रत मागितली तर देत नाही. ऑनलाइन तक्रार केली की ती त्याच कंपनीकडे उत्तरासाठी जाते. कंपनी "ग्राहकाने संमती दिली होती" असं पत्र पाठवते आणि तक्रार "निकाली" दिसते. निकाली कशी? पैसे कुठे आहेत? पोलीस चौकीत दोन तास बसवून सांगितलं, ही दिवाणी बाब आहे. प्रत्येकाकडे पुढच्या दाराचा पत्ता तयार आहे, आणि प्रत्येक दारावर तीच कागदपत्रं पुन्हा झेरॉक्स करून द्यायची.

त्यातल्या त्यात उपयोगाचं दार विमा लोकपालाचं. फी नाही, वकील लागत नाही, चालतही नाही. पण आधी कंपनीकडे लेखी तक्रार हवी, तिने नाकारली किंवा महिनाभर उत्तर दिलं नाही तरच तिथे जाता येतं, आणि नकार आल्यापासून एका वर्षाच्या आत. तोंडी तक्रारीत महिने घालवू नका, पहिल्या दिवसापासून ईमेल करा. विक्रेत्याचे व्हॉट्सअ‍ॅप मेसेज डिलीट करू नका. "आरडी" हा शब्द त्याच्या हातून लिहिलेला एकाही मेसेजमध्ये असेल तर तो त्या रेकॉर्डिंगला उत्तर आहे. माझ्याशी सगळं तोंडीच बोललं गेलं.

रागाच्या भरात हप्त्याचं मॅन्डेट (खात्यातून आपोआप कापायची परवानगी) बंद करून टाकू नका, आधी सरेंडर व्हॅल्यू लेखी मागा. १ ऑक्टोबर २०२४ नंतरच्या पॉलिसींत पहिल्या वर्षाचा पूर्ण प्रीमियम भरला असेल तर वर्ष संपल्यावर काही रक्कम मिळते. त्याआधीच्यांत नियम वेगळे आहेत. पॉलिसी बंद पडली की "तुमचा अडकलेला बोनस सोडवून देतो, फक्त एक नवीन पॉलिसी घ्या" असे फोन सुरू होतात. ती दुसरी लूट आहे, फोन ठेवून द्या.

पैसे आधी मोडावे लागतील असं वाटत असेल तर पोस्टाची आरडीही समजून घ्या: पाच वर्षांची असते, तीन वर्षांच्या आत मोडता येत नाही, १२ हप्त्यांनंतर जमा रकमेच्या निम्मं कर्ज तेवढं मिळतं. लवचिकपणा हवा तर बँकेची आरडी, एका बँकेत सगळ्या ठेवी मिळून व्याजासह ५ लाखांपर्यंत विमा संरक्षण. विमा हवा तर वेगळा टर्म प्लॅन, म्हणजे बचत नसलेला निव्वळ विमा.

ज्यांची पॉलिसी नुकतीच आली आहे त्यांनी आत्ता ईमेल उघडा. कंपनीची पीडीएफ पासवर्ड लावलेली असते म्हणून तशीच पडून राहते, माझीही राहिली. शेड्यूलच्या पानावर "प्रीमियम पेइंग टर्म", म्हणजे हप्ते किती वर्षं भरायचे, ते बघा. पाच सांगितले असतील आणि तिथे बारा असतील, तर पॉलिसी हातात आल्यापासून ३० दिवसांच्या आत फ्री लूकमध्ये (नको असलेली पॉलिसी परत करायची मुदत) रद्द करायचा अर्ज ईमेलने कंपनीला पाठवा, बँकेच्या माणसाकडे देऊ नका. तेवढ्या दिवसांचा जोखीम प्रीमियम, वैद्यकीय तपासणी आणि स्टॅम्प ड्यूटी कापून बाकीचे पैसे परत येतात. "एक महिना थांबा सर, मी बघतो" असं तो म्हणेल, कारण बरोबर एका महिन्याने ती मुदत संपते.