पॅड सोडायचे ठरले, तर काय घ्यावे? कप, कापडी पॅड आणि पिरियड पँटी यांची तुलना

पाळीच्या दिवसांत एकदा वापरून टाकून द्यायचे पॅड बंद करावेत, असे ठरवणाऱ्या स्त्रीपुढे आज तीन खरे पर्याय आहेत: मासिक पाळीचा कप (योनीत बसवायचा, स्राव गोळा करणारा), कापडी पॅड आणि पिरियड पँटी (शोषून घेणारे थर शिवलेले अंतर्वस्त्र). चौथा पर्याय म्हणून केळीच्या किंवा बांबूच्या तंतूंचे ‘विघटनशील’ पॅड सुचवले जातात. पण तेही एकदाच वापरायचे असतात, म्हणून त्यांचा विचार शेवटी करते. ही तुलना बहुधा किंमत आणि टिकाऊपणा यांपुरती होते. मी कोपरखैरण्याला राहते, नोकरीसाठी रोज ट्रान्स हार्बरच्या लोकलने ठाण्याला जाते, आणि गेल्या सहा वर्षांत हे तिन्ही पर्याय मी वापरले आहेत. माझा अनुभव असा आहे की आपल्या भागात निर्णय दोन साध्या प्रश्नांवर ठरतो: धुतलेली वस्तू वाळवायला ऊन मिळते का, आणि घराबाहेर असताना बदलायला पाणी व आडोसा मिळतो का.

आधी आपण काय सोडतो आहोत ते पाहू. दिवसाला चार पॅड आणि पाळीचे पाच दिवस धरले, तर महिन्याला २० आणि वर्षाला २४० पॅड होतात; पस्तीस वर्षांत ही संख्या ८,४०० वर जाते. नेहमीच्या पॅडचा वरचा आणि खालचा थर प्लॅस्टिकचा असतो, मध्ये लाकडाचा लगदा असतो आणि त्यात ओलावा धरून जेल होणारी सोडियम पॉलिॲक्रिलेटची पूड असते. यातला प्लॅस्टिकचा भाग आपल्या हयातीत तरी नाहीसा होत नाही. नवी मुंबईचा कचरा तुर्भ्याच्या क्षेपणभूमीकडे जातो, आणि तिथे पोहोचण्याआधी कागदात नीट न गुंडाळलेला पॅड अनेकदा कुणा सफाई कामगाराला हाताने वेगळा करावा लागतो. मला स्वतःला पॅड सोडावेसे वाटले ते घंटागाडीवर हे दृश्य पाहिल्यानंतर.

कापडी पॅड आपल्याला नवे नाहीत. आईच्या पिढीत ‘कावळा शिवला’ की जुन्या सुती लुगड्याच्या घड्या बाहेर निघत. त्या धुतल्यावर कुणाच्या नजरेस पडू नयेत म्हणून एखाद्या परकराखाली, अंधाऱ्या कोपऱ्यात वाळत घातल्या जात. आजचा कापडी पॅड त्याहून पुष्कळ सुधारलेला आहे. त्याला सुती फ्लॅनेलचे अनेक थर असतात, खाली गळती रोखणारे पातळ अस्तर असते, आणि दोन पंख प्रेस बटनाने अंतर्वस्त्राखाली जोडता येतात. पुन्हा वापरायच्या पॅडसाठी २०२१ पासून आयएस १७५१४ हे भारतीय मानकही आहे. खरेदी करताना विक्रेत्याला त्याबद्दल जरूर विचारावे. शरीराच्या आत काही घालावे लागत नाही, सवय करून घ्यावी लागत नाही, आणि पहिल्याच दिवशी वापर सुरू करता येतो, हे या पर्यायाचे मोठे बळ आहे. त्वचेला प्लॅस्टिकचा थर घासून होणारी जळजळ माझ्या बाबतीत पहिल्या दोन महिन्यांतच थांबली.

अडचण धुण्यात नाही, वाळवण्यात आहे. धुण्याची रीत सोपी आहे: आधी थंड पाण्यात अर्धा तास भिजवायचे, कारण गरम पाण्याने रक्तातली प्रथिने घट्ट बसतात आणि डाग पक्का होतो, मग साध्या साबणाने घासून भरपूर पाण्यात पिळायचे. कपडे मऊ करणारे द्रावण वापरू नये, त्याने कापडाची शोषून घेण्याची ताकद कमी होते. नोव्हेंबर ते मे या काळात खिडकीच्या ग्रिलमध्ये लावलेला पॅड दुपारपर्यंत खडखडीत वाळतो. जुलैत मात्र सगळे गणित बिघडते. रात्रभर पंख्याखाली टांगलेला पॅड सकाळी कडांना कोरडा लागतो, पण मधोमध अंगठा दाबला की गारवा जाणवतो. तो गारवा म्हणजे आतल्या थरात राहिलेली ओल, आणि नाकाजवळ नेल्यास कुबट वासही येतो. असा पॅड वापरू नये. ओडिशातील रुग्णालयांत आलेल्या स्त्रियांच्या २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, कापड घराच्या आत वाळवणे आणि संडासात ठेवणे यांचा संबंध कँडिडा या बुरशीच्या संसर्गाशी आढळला होता. दोष कापडाचा नाही, ओलीचा आणि लपवून ठेवण्याचा आहे, असा मी त्याचा अर्थ लावते. आईच्या त्या परकराखालच्या घड्या मला यासाठीच आठवतात.

यावर उपाय आहे. एकत्र शिवलेल्या जाड पॅडऐवजी उलगडता येणारा घडीचा पॅड घ्यावा. तो उलगडला की एकेरी कापडासारखा पसरतो आणि निम्म्याहून कमी वेळात वाळतो. अस्तर नसलेल्या घडीवर शेवटी इस्त्री फिरवता येते. अस्तर असलेल्या पॅडवर मात्र गरम इस्त्री फिरवू नये, अस्तर वितळते. पावसाळ्यासाठी सहा-आठ पॅडचा संच पुरत नाही, दहा-बारा लागतात, आणि किमतीचा हिशेब करताना हे धरावे लागते.

कपाला वाळवण्याचा प्रश्नच नाही, आणि म्हणूनच आपल्या हवेत तो सर्वांत सोयीचा आहे, असे माझे ठाम मत आहे. ही कल्पना जुनी आहे: लिओना चाल्मर्स या अमेरिकन अभिनेत्रीने १९३७ साली रबरी कपाचे पेटंट घेतले होते. आजचे बहुतेक कप वैद्यकीय दर्जाच्या सिलिकॉनचे असतात. कप काही शोषत नाही, तो गोळा करतो. त्यामुळे त्यातून स्राव ओतून टाकला, कप धुतला आणि पुन्हा बसवला की काम झाले. आकारानुसार त्यात साधारण २० ते ३० मिलिलिटर मावते. पाळीच्या एका चक्रात सरासरी ३० ते ४० मिलिलिटर रक्त जाते हे लक्षात घेतले, तर बहुतेकींना दिवसातून दोनदा, म्हणजे सकाळी निघताना आणि रात्री घरी आल्यावर, रिकामा करणे पुरते. बारा तासांहून अधिक वेळ मात्र तो आत ठेवू नये.

मुंबईच्या उपनगरी लोकलमध्ये शौचालय नसते, हे इथे सांगायला हवे. सकाळी कोपरखैरण्याहून निघून ठाण्यात कामावर पोहोचायचे, दिवसभर काम करायचे आणि संध्याकाळच्या गर्दीत परत यायचे, या सगळ्यात बदलायची जागा शोधावी न लागणे ही केवढी सुटका आहे, हे ज्यांनी फलाटावर उभे राहून डाग पडल्याच्या धास्तीने ओढणी मागे ओढून घेतली आहे त्यांना वेगळे सांगायला नको. बाहेर रिकामा करावाच लागला, तर शौचालयातला जेट किंवा पाण्याची छोटी बाटली पुरते. कापडी पॅड बाहेर बदलला तर वापरलेला पॅड पाणी न झिरपणाऱ्या पिशवीत घरी आणावा लागतो. ते जमते, पण आठ-नऊ तास बंद राहिलेला पॅड धुणे नकोसे वाटते.

कपाचे शिकणे मात्र सोपे नसते, आणि याबद्दल विक्रीच्या मजकुरात फार कमी लिहिलेले असते. कडा आत दाबून कपाची घडी करायची, ती धरून कप आत सरकवायचा आणि सोडायचा. तो आत पूर्ण उघडला की नाही हे पाहण्यासाठी बुडाशी बोट फिरवायचे. बोटाला कुठे खळगा लागला, तर घडी उलगडलेली नाही आणि गळती नक्की होणार. काढताना नुसते देठ ओढायचे नसते. आधी बूड चिमटीत दाबून आतली हवेची पकड सोडवायची. पहिल्या महिन्यात हे माहीत नसल्यामुळे मी न्हाणीघरात अर्धा तास घाबरून बसले होते. तिसऱ्या पाळीपासून तेच काम दोन मिनिटांत होऊ लागले. लॅन्सेट पब्लिक हेल्थ या नियतकालिकात २०१९ साली आलेल्या, ४३ अभ्यास आणि सुमारे ३,३०० स्त्रिया व मुली यांचा समावेश असलेल्या आढाव्यातही सवय व्हायला काही पाळ्या लागतात असेच दिसले, आणि गळती नेहमीच्या पॅडइतकी किंवा त्याहून कमी आढळली. सवय झाल्यावर सुमारे ७० टक्के जणींना कप पुढेही वापरायचा होता.

घरात कप उकळणे ही दुसरी अडचण आहे. दर पाळीनंतर तो पाच मिनिटे उकळायचा असतो, आणि एकत्र कुटुंबात स्वयंपाकाच्या गॅसवर तो ठेवायची हिंमत होत नाही. माझ्या धाकट्या जावेने इंडक्शनची छोटी शेगडी आणि वेगळे पातेले खोलीतच ठेवून हा प्रश्न सोडवला. पाणी आटू देऊ नये; कप तळाला लागला की जळतो. मुलीने लग्नाआधी कप वापरावा का, असे आया मला विचारतात. योनिपटल लवचीक असते आणि प्रत्येकीचे वेगळे असते, त्याचा कौमार्याशी लावला जाणारा संबंध वैद्यकीय नाही. प्रश्न फक्त त्या मुलीला ते सोयीचे आणि नकोसे न वाटणारे आहे का, एवढाच आहे. तिला नको असेल तर आग्रह धरू नये. कप हे केवळ शिकलेल्या, सधन स्त्रीचे साधन आहे हा समजही केरळने खोडून काढला आहे: अळप्पुळा शहरात २०१९ साली हजारो कप वाटले गेले, आणि २०२२ च्या जानेवारीत कुंबळंगी हे गाव सॅनिटरी नॅपकिनमुक्त घोषित झाले.

काही जणींनी मात्र कप घेण्याआधी स्त्रीरोगतज्ज्ञांशी बोलायलाच हवे. कॉपर-टी बसवलेली असेल तर कप काढताना ती निसटू शकते. गर्भाशय खाली सरकलेले असेल, किंवा बाळंतपणाला फार दिवस झाले नसतील, तर थांबावे. टॉक्सिक शॉक सिंड्रोम हा गंभीर आजार कपाच्या बाबतीत फार विरळ आहे, वरच्या आढाव्यात त्याच्या पाच नोंदी होत्या. तरी अचानक मोठा ताप, पुरळ आणि चक्कर असे काही झाले, तर कप काढून लगेच रुग्णालयात जावे.

पिरियड पँटीबद्दल मला थोडक्यातच सांगायचे आहे, कारण तिच्याकडून अपेक्षा मर्यादित ठेवाव्यात असे माझे मत झाले आहे. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी प्रयोगात पाणी किंवा मिठाचे द्रावण न वापरता प्रत्यक्ष रक्ताने २१ उत्पादने तपासली गेली. त्यात पँटीने सर्वांत कमी, सुमारे २ मिलिलिटर, आणि कपाचे भावंड असलेल्या, तशाच आत बसवायच्या चपट्या डिस्कने सर्वांत जास्त, सरासरी ६१ मिलिलिटर धरले. त्यातच जाड थर आणि कमरेचे इलॅस्टिक यांमुळे पावसाळ्यात पँटी कापडी पॅडपेक्षाही उशिरा वाळते. शेवटच्या दोन दिवसांना, किंवा कप शिकत असताना जोडीला, ती उत्तम आहे. नुकतीच पाळी सुरू झालेल्या, कधी येईल याचा नेम नसलेल्या मुलीने शाळेत जाताना घालायलाही ती फार आधार देते.

पैशांचा हिशेब असा: कप साधारण ३०० ते १,००० रुपयांना मिळतो आणि नीट वापरल्यास दहा वर्षांपर्यंत टिकतो. कापडी पॅड प्रत्येकी साधारण १५० ते ३५० रुपयांना, म्हणजे पावसाळ्याला पुरेल असा संच दीड ते चार हजारांच्या घरात जातो आणि तीन-चार वर्षे चालतो. पर्यावरणाच्या बाजूनेही संयुक्त राष्ट्र पर्यावरण कार्यक्रमाच्या २०२१ च्या अहवालात कपच सर्वांत पुढे आहे. कापडाचा भार त्याच्या धुण्यात असतो.

विघटनशील पॅडबद्दल आता सांगते. ते कुजतात हे खरे, पण खतासाठी योग्य खड्डा, ओलावा आणि हवा मिळाली तर. आपण ते कचऱ्याच्या गाडीत देतो आणि ते इतर पॅडबरोबर त्याच ढिगात दाबले जातात, जिथे हवेवाचून कुजणाऱ्या वस्तूतून मिथेन निघतो. ज्यांच्या गावाकडच्या घरी स्वतःचा खड्डा आहे त्यांनी ते जरूर घ्यावेत. फ्लॅटमध्ये राहणारीने त्यासाठी जास्त पैसे मोजू नयेत.

तेव्हा घोडबंदर रस्त्यावर बाल्कनी असलेल्या घरात राहून घरूनच काम करणाऱ्या बहिणीला मी कापडी पॅड सांगेन, आणि पावसाळ्यासाठी घडीचे. लोकलने किंवा बसने दिवसाचे दहा तास बाहेर असणारीला कप सांगेन, पहिले तीन महिने पँटीच्या जोडीने, आणि पहिला प्रयोग सुट्टीच्या दिवशी घरी. जिथे संडास सामायिक आहे आणि पाणी ठरावीक वेळेलाच येते, अशा चाळीतल्या स्त्रीलाही कपच सोपा पडतो, कारण दोन वेळा एकेक तांब्या पाण्यात काम भागते आणि दोरीवर काही वाळत घालावे लागत नाही. अंगावरून फार जात असेल, तासाभरात कप किंवा पॅड भरत असेल, तर पर्याय निवडण्याआधी डॉक्टरांकडे जावे.

आणि प्रवासात, आजारपणात वा रुग्णालयात जेव्हा पॅड वापरावाच लागेल, तेव्हा तो घडी घालून, वर्तमानपत्रात गुंडाळून, पुण्यातल्या कचरावेचक भगिनींनी रूढ केला तसा बाहेरून ठसठशीत लाल ठिपका काढून वेगळा द्यावा, म्हणजे घंटागाडीवरच्या माणसाला तो उघडून पाहावा लागत नाही.