क्लोपिडोग्रेलसोबत ओमेप्राझोल की पँटोप्राझोल?

रक्ताच्या गुठळ्या होऊ न देणारी क्लोपिडोग्रेल सुरू झाली की पोटात रक्तस्राव होऊ नये म्हणून बरेचदा आम्ल कमी करणारी गोळीही जोडीला येते. ओमेप्राझोल आणि पँटोप्राझोल एकाच कुळातल्या, जळजळ दोन्हींनी शमते. खरा फरक पोटात नाही, यकृतात आहे.

क्लोपिडोग्रेल आपण गिळतो तेव्हा ती निष्क्रिय असते. यकृतातलं सीवायपी२सी१९ हे एन्झाइम तिला कामाला लावतं, आणि ओमेप्राझोल नेमकं त्यालाच अडवते. मग गोळी रोज घेऊनही प्लेटलेट्सवरचा (गुठळी बनवणाऱ्या रक्तकणांवरचा) तिचा परिणाम कमी पडतो. अमेरिकेच्या एफडीए या औषध नियामक संस्थेने २००९ मध्ये ही जोडी टाळायला सांगितलं. एसोमेप्राझोल ही ओमेप्राझोलची सख्खी बहीण, तिलाही तेच लागू. ‘एक सकाळी घेतो, एक रात्री’ ही युक्ती इथे चालत नाही. पुढे २०१० च्या एका मोठ्या चाचणीत ओमेप्राझोलमुळे हृदयविकाराचे झटके वाढलेले दिसले नाहीत, पण ती चाचणी मध्येच थांबली होती. वाद पुरता मिटला, असं मी म्हणणार नाही.

पँटोप्राझोल त्या एन्झाइमला फारच कमी अडवते. सोपा पर्याय हाताशी असताना धोका कशाला? माझं मत तिच्याच बाजूने.

बदल मात्र डॉक्टरांना विचारूनच. हृदयाच्या रक्तवाहिनीत स्टेंट (जाळी) बसवलेला असेल तर क्लोपिडोग्रेल मनाने एक दिवसही बंद करू नका. शौचाला डांबरासारखं काळं झालं, तर गोळी कुठलीही असो, लगेच दवाखाना गाठा.