समुद्राची उष्णता: आर्गो फ्लोट की पुनर्विश्लेषण?

आर्गो फ्लोट म्हणजे समुद्रात सोडलेलं स्वयंचलित मोजयंत्र. ते 1000 मीटर खोलीवर वाहत राहतं, दर 10 दिवसांनी 2000 मीटरपर्यंत उतरतं आणि वर येताना तापमान, क्षारता, दाब नोंदवतं. जगभर असे सुमारे 4000 फ्लोट आहेत. तापमानाची अचूकता 0.002 अंश सेल्सिअस. दुखणं आहे ते क्षारतेचं. सेन्सर बिघडत गेला की अनेकदा पाणी आहे त्याहून खारट दिसतं. म्हणून दीर्घकालीन कल काढताना ताजा रिअल-टाइम डेटा नकोच. साधारण वर्षभराने येणारा, तज्ज्ञांनी तपासलेला डिलेड-मोड डेटा घ्या, त्यातही ॲडजस्टेड (दुरुस्त केलेली) मूल्यं आणि दर्जाची खूण 1 (म्हणजे चांगली) असलेलीच.

2000 मीटरखाली किंवा उथळ किनाऱ्यावर नेहमीचा फ्लोट हात टेकतो. तिथे पुनर्विश्लेषण: मॉडेल चालवायचं आणि निरीक्षणांनी त्याला रुळावर आणत राहायचं. ओरास5 या युरोपीय हवामान केंद्राच्या पुनर्विश्लेषणात पाव अंशाची जाळी, 75 थर; समुद्राचा एकही चौकोन रिकामा नाही. पण प्रत्येक दुरुस्तीत थोडी उष्णता कुठूनशी येते किंवा गायब होते, हिशेब जुळत नाही. त्यात आर्गोचाच डेटा घातलेला असल्याने आर्गोशी ताडून ‘जुळलं’ म्हणणं म्हणजे आपला पेपर आपणच तपासणं! उष्णता कुठून कुठे गेली याचा ताळेबंद मांडायचा असेल, तर 1992 पासूनचं, भौतिकीची समीकरणं न मोडता निरीक्षणांशी जुळवलेलं एक्को हे पुनर्विश्लेषण बरं.