गॅस्केटच्या नावाखाली काजूच्या खोक्याचा पुठ्ठा

जुनी टू-स्ट्रोक गाडी सांभाळताय आणि गॅस्केट (इंजिनच्या दोन पार्टच्या मधे गळती थांबवायला बसवतात ते पातळ सील) बाहेरून कापून घेताय, तर हे वाचाच. माझे साडेआठ हजारांहून जास्त गेले, वर बाबांच्या गाडीचा पिस्टन गेला.

आमच्याकडे गोव्यात डिचोलीला बाबांची येझदी रोडकिंग बाईक आहे. म्हैसूरची फॅक्टरी 1996 मध्ये बंद पडली तेव्हापासून पार्ट म्हणजे शोधाशोधच. चवथीच्या (गणेश चतुर्थीच्या) आधी डाव्या कव्हरमधून ऑइल गळायला लागलं, सिलिंडरच्या बुडाशीपण ओलं दिसायला लागलं. म्हापशाच्या बाजूला एक मिस्त्री जुन्या गाड्यांचं काम करतो असं कळलं (नाव देत नाही, उगाच भांडण नको). तो म्हणाला रेडीमेड सेट मिळतात ते डुप्लिकेट असतात, मी बाहेरच्या शीटमधून हाताने कापून देतो, पात्राव, भिवपाची गरज ना (साहेब, घाबरायची गरज नाही). 1,800 गॅस्केटचे आणि मजुरी वेगळी. हाताने कापलेलं म्हटल्यावर मी पण भारावलो, खोटं कशाला बोलू.

शीट दाखव म्हटलं तर संपली आता, तुमच्यात वापरली शेवटची. जुनी गॅस्केट मागितली तर टाकून दिली. इथेच शंका यायला हवी होती. गॅस्केट एकदा बसलं की दिसतच नाही ना कुणाला, बाहेर येते ती फक्त सिलिकॉन सीलंटची निळी रेघ, आणि ती त्याने एवढी फासलेली की मला वाटलं वा, काय सील केलंय.

दहाएक दिवस गाडी छान चालली. मग आयडल (गाडी उभी असतानाचा इंजिनचा वेग) आपोआप वर जायला लागलं, थ्रॉटल सोडला तरी आरपीएम लवकर उतरेना. प्लग काढला तर पांढराफटक. मला वाटलं कार्ब्युरेटर (पेट्रोल आणि हवा मिसळणारा पार्ट), त्याचा जेट साफ केला, एअर स्क्रू फिरवला आणि तशीच बेळगावला काढली. चोर्ला घाटात चढणीला इंजिन जाम, मागचं चाक फरफटलं, नशीब मागे ट्रक नव्हता.

टू-स्ट्रोकमध्ये पिस्टन वर जाताना क्रँककेस (पिस्टनखालचा बंद कप्पा) हवा खेचतो. सिलिंडरखालचं गॅस्केट लीक असलं की कार्ब्युरेटरला बाजूला ठेवून तिथूनच हवा आत येते, पेट्रोल तेवढंच राहतं, मिक्श्चर लीन होतं, म्हणजे हवा जास्त, पेट्रोल कमी. टू-स्ट्रोकचं ऑइल पेट्रोलबरोबरच येतं त्यामुळे तेही कमी पडतं, इंजिन तापतं आणि पिस्टन सिलिंडरमध्ये जाम होतो. मी लिटरला 40 मिली ऑइल घालत होतो तरी हे झालं.

साखळीच्या एका म्हाताऱ्या मिस्त्रीने सिलिंडर वर उचलला आणि हसायलाच लागला. सिलिकॉन खरवडलं तर खाली पुठ्ठा, साधा पुठ्ठा, थर सुटलेला, आणि त्यावर लाल अक्षरात अर्धवट 'नेट वेट'. काजूचं खोकं! कव्हरची तर अजून मजा, पुठ्ठा कव्हरवर ठेवून कडेने हातोडीने ठोकून आकार पाडलेला, त्यात अल्युमिनियमची कड दोन ठिकाणी चेपलेली, म्हणजे नवीन गॅस्केट घातलं तरी तिथून ऑइल येणारच. ती कड घासायला वेगळे पैसे. बोअरिंग (सिलिंडर आतून घासून सारखा करणं), नवीन पिस्टन, रिंगा, सगळं धरून 6,700. पहिल्या मिस्त्रीला फोन केला तर म्हणे तुम्ही ऑइल कमी घातलं असणार, आणि नंतर फोन उचलणंच बंद.

मग मीच शिकलो, म्हाताऱ्याने शेजारी बसवून शिकवलं. पार्टच्या तोंडाला ग्रीसचं पातळ बोट फिरवायचं, कागद दाबायचा, छाप उठतो. आधी बोल्टची भोकं पंचने पाडायची (चांभाराकडचा पंच चालतो), दोन बोल्ट घालून शीट अडकवायची म्हणजे सरकत नाही, मग आतली बाहेरची कड नव्या ब्लेडने. हातोडी अजिबात नाही. जाडी जुन्या गॅस्केटएवढीच, व्हर्नियर कॅलिपरने मोजून, कारण बुडाचं गॅस्केट जाड झालं तर सिलिंडर वर उचलला जातो आणि पोर्टचं (सिलिंडरच्या भिंतीतल्या भोकांचं) उघडझाप व्हायचं टायमिंग बदलतं. शीट घेताना एक तुकडा मागून घ्या, रात्रभर पाण्यात टाका, पुठ्ठा असेल तर सकाळपर्यंत थर सुटायला लागतात. सिलिकॉन कार्ब्युरेटरच्या जवळपास नको, पेट्रोलने ते फुगतं. आणि जुनं करडं गॅस्केट कोरडं घासू नका, त्यात ॲस्बेस्टॉस असू शकतं, ऑइलने भिजवून मगच खरवडा.

शीट मला 120 रुपयाला मिळाली, अर्धी अजून शिल्लक आहे. डिचोली-साखळी बाजूला कुणाला रोडकिंगच्या डाव्या कव्हरचं ट्रेसिंग हवं असेल तर या घेऊन जा, फक्त येताना जुनं गॅस्केट आणा, माझ्या कव्हरची कड घासलेली आहे त्यामुळे मापात थोडा फरक पडू शकतो.