विम्याशिवाय शस्त्रक्रिया: धर्मादाय रुग्णालय की शासकीय?

गेल्या वर्षी वडिलांच्या हर्नियाच्या शस्त्रक्रियेसाठी मी आधी एका धर्मादाय (म्हणजे सार्वजनिक विश्वस्त संस्थेने चालवलेल्या) रुग्णालयाचे आणि नंतर एका शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयाचे उंबरठे झिजवले. आरोग्य विमा नव्हता, आणि ज्या धर्मादाय रुग्णालयाची आम्हाला सवय होती ते राज्य शासनाच्या मोफत उपचारांच्या महात्मा फुले जनआरोग्य योजनेत सहभागी नव्हते. एका घरच्या अनुभवावरून सरसकट निष्कर्ष काढू नये हे मान्य करूनच पुढचे लिहीत आहे.

कागदावर पाहिले तर धर्मादाय रुग्णालयाचे पारडे जड दिसते. सार्वजनिक विश्वस्तव्यवस्था कायद्याच्या कलम ४१ कक खाली मुंबई उच्च न्यायालयाने २००६ मध्ये जी योजना मंजूर केली, तिच्यानुसार अशा रुग्णालयाने १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि आणखी १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत राखून ठेवायच्या असतात, आणि त्यासाठी बिलांच्या २ टक्के रक्कम निर्धन रुग्ण निधीत जमा करायची असते. आम्ही उत्पन्नाच्या दाखल्यानुसार दुर्बल घटकात बसत होतो. त्या गटाला औषधे आणि शस्त्रक्रियेचे साहित्य यांचा किमान निम्मा खर्च स्वतः करावा लागतो, ही गोष्ट घरून निघताना ध्यानात ठेवलेली बरी. वॉर्ड स्वच्छ होता, परिचारिका वेळेवर येत होत्या आणि सर्व तपासण्या एकाच इमारतीत होत होत्या. यात मला खोट काढायची नाही.

अडले ते खाटेपाशी. तहसीलदारांचा दाखला आणि शिधापत्रिका देऊन झाल्यावर समाजसेवा कक्षातून उत्तर आले की राखीव खाट सध्या रिकामी नाही, दोन दिवसांनी चौकशी करावी. दोन दिवसांनी तेच उत्तर मिळाले, आणि चौथ्या खेपेलाही तेच. आमच्या पुढे किती जण आहेत, यादी आहे की नाही, असल्यास ती कोणत्या क्रमाने सरकते, हे कक्षातील भल्या बाईंनाही सांगता येत नव्हते. उशिराचे मला तितकेसे वाटले नाही. परंतु आपण रांगेत आहोत की नाही हेच कळू नये, याचा त्रास मात्र असा झाला की पाचव्या खेपेला मी गेलोच नाही.

शासकीय रुग्णालयातील रांग लांब होती, पण ती डोळ्यांसमोर होती. केसपेपर काढला, त्यावर युनिट, म्हणजे डॉक्टरांचे पथक, आणि त्या युनिटचा बाह्यरुग्ण विभागाचा वार लिहिला गेला, आणि पुढच्या प्रत्येक टप्प्याला, म्हणजे रक्त, सोनोग्राफी, भूलतज्ज्ञांची तपासणी, यांना तारीख मिळाली. शस्त्रक्रियेची तारीख तीन आठवड्यांनंतरची होती. तातडीचा रुग्ण आल्यामुळे ती एकदा पुढे गेली, तेव्हाही ‘युनिटच्या पुढच्या शस्त्रक्रियेच्या वारी’ असे स्पष्ट सांगितले गेले, आणि त्या वारी काम झाले. गैरसोय होतीच: हर्नियाची जाळी आणि काही औषधे बाहेरून आणावी लागली, नमुने घेऊन प्रयोगशाळेत मलाच धावावे लागले, आणि रात्री नातेवाइकाला जमिनीवर चादर अंथरूनच झोपावे लागते. तरीही एकूण खर्च धर्मादाय रुग्णालयाने तोंडी सांगितलेल्या अंदाजाच्या निम्म्याहूनही कमी आला.

एक तपशील अनेकांकडून निसटतो. १५ ऑगस्ट २०२३ पासून निःशुल्क उपचार सुरू झाले ते सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत, म्हणजे जिल्हा, उपजिल्हा वगैरे. वैद्यकीय महाविद्यालयांची रुग्णालये दुसऱ्या विभागाकडे असल्याने तिथे नाममात्र शुल्क भरावे लागते. साध्या शस्त्रक्रियेसाठी जिल्हा रुग्णालयात आधी विचारणे म्हणूनच शहाणपणाचे ठरावे.

रुग्णाजवळ थांबणारे माणूस एकच असेल आणि त्याला रजा मिळत नसेल, तर धर्मादाय रुग्णालयच सोयीचे पडेल, असे मला वाटते. प्रसंग तातडीचा असल्यास तर तुलना करत बसूच नये. अनामत रक्कम न मागता रुग्णाला दाखल करून घेऊन त्याची प्रकृती स्थिर करणे धर्मादाय रुग्णालयावर याच योजनेने बंधनकारक केले आहे. सवडीने करायच्या शस्त्रक्रियेचे मात्र वेगळे आहे. सध्या आमच्या घरी आईच्या मोतीबिंदूचा विषय निघाला आहे, आणि तिचा केसपेपर मी शासकीय रुग्णालयातच काढला आहे.