‘एक दिवसाच्या पिल्लालाही चालतं’ : पिसवांच्या औषधाच्या नावाखाली झालेली फसवणूक

आमच्या नाशिकच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये राहणारी भटकी कुत्री आषाढातल्या एका पहाटे टेम्पोखाली आली आणि जिन्याखालच्या ओलसर गोणपाटावर तिचे एकच पिल्लू मागे राहिले. सुळे नुकतेच हिरडीतून वर आलेले होते, त्यावरून ते साधारण चार आठवड्यांचे असावे, असे पुढे पशुवैद्यांनी सांगितले. स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर ते ८५० ग्रॅम भरले. घरी आणून पुसू लागले तेव्हा पोटावर आणि मागच्या मांड्यांच्या बेचक्यात मिरपूड भुरभुरावी तसे काळे कण दिसले आणि त्यांच्यामधून पिसवा सरसर पळत होत्या. ओल्या कापसाने ते कण टिपले तर कापसावर तांबूस डाग पसरले. तो कचरा नव्हता, पिसवांची विष्ठा होती, म्हणजे पिल्लाचेच पचलेले रक्त. त्याच्या हिरड्या गुलाबी असायला हव्या होत्या, त्या जवळजवळ पांढऱ्या दिसत होत्या. एवढ्या लहान जिवाच्या अंगात रक्त असते तरी किती, या विचाराने मी घाबरले, आणि त्या घाबरलेपणातच माझी फसवणूक झाली.

रविवार होता आणि नेहमीच्या पशुवैद्यांचा दवाखाना बंद होता. म्हणून मी जवळच्या प्राणीसाहित्याच्या दुकानात गेले. काउंटरमागच्या गृहस्थांनी पांढरा कोट घातला होता आणि दुकानातला मुलगा त्यांना ‘डॉक्टर’ म्हणत होता. त्यांनी पिल्लाला हात लावला नाही, वजन विचारले नाही, वय मात्र विचारले. मी चार आठवडे सांगताच ते म्हणाले, “काही काळजी करू नका ताई, हे आयुर्वेदिक आहे, एक दिवसाच्या पिल्लालाही चालतं. पाच थेंब पाठीवर चोळा, रात्रीपर्यंत एक पिसू राहणार नाही.” पिवळ्या स्टिकरची छोटी बाटली त्यांनी पुढे केली. स्टिकरवर कडुलिंबाची डहाळी, एक गुबगुबीत पिल्लू आणि ‘१०० टक्के हर्बल’ एवढाच मजकूर होता. किंमत साडेचारशे रुपये. पावती मागितली तेव्हा “मशीन बंद आहे” असे उत्तर मिळाले, आणि मोबाइलवरून पैसे पाठवले तेव्हा पडद्यावर दुकानाचे नाव न येता कोणा व्यक्तीचे नाव आले. या दोन्ही गोष्टी मला त्याच वेळी खटकल्या होत्या, तरीही मी बाटली घेतली, कारण पिल्लू टोपलीत तडफडून अंग चावत होते आणि मला त्याला लवकर सोडवायचे होते.

घरी येऊन बाटली उघडली तेव्हा रंगाच्या थिनरसारखा उग्र वास आला. कडुलिंबाच्या तेलाचा वास ज्याने एकदा घेतला आहे, तो त्या वासाला दुसऱ्या कशाशी चुकणार नाही. हा वास तो नव्हता. तरीसुद्धा मी सांगितल्याप्रमाणे पाच थेंब त्याच्या पाठीवर चोळले. दीड तासाने ते दूध पिण्यासाठी उठले नाही. उचलले तर मान लुळी पडली, पंजे गार लागले, आणि छातीवर बोट ठेवले तर ठोका जाणवून पुढचा ठोका येईपर्यंत वाट पाहावी लागत होती. अशक्त पिल्लाला साखरेचे पाणी द्यावे, एवढे मला ठाऊक होते आणि मी वाटीत साखर विरघळवायलाही घेतली होती. सुदैवाने त्याआधी आमच्या पशुवैद्य बाईंना फोन लागला. त्यांनी पहिला प्रश्न केला, “अंगाला काय लावलं?” ऐकून त्या म्हणाल्या, “तोंडात काहीही घालू नका. हातमोजे घाला, कोमट पाण्यात भांडी घासायच्या द्रवसाबणाचे दोन थेंब टाकून पाठ धुवा, डोळ्यांत जाऊ देऊ नका, लगेच कोरडं करून उबदार कपड्यात गुंडाळा आणि ती बाटली घेऊन दवाखान्यात या.”

त्यांनी दवाखाना उघडला. हृदयाचे ठोके मिनिटाला सत्तरच्या आसपास होते. एवढ्या लहान पिल्लाचे ते दीडशेच्या वर असायला हवेत, असे त्यांनी सांगितले. अंगाचे तापमान उतरलेले होते. खरा सुगावा मात्र रक्तातल्या साखरेने दिला. उपाशी, रक्त कमी झालेल्या पिल्लाची साखर खाली गेलेली असते. याची दोनशेच्या वर होती. गुंगी, मंद हृदय, गार अंग आणि वाढलेली साखर हे सगळे एकत्र दिसले की ॲमिट्राझची शंका घ्यावी लागते, असे डॉक्टरांनी समजावून सांगितले. हे औषध गोचीड आणि खरजेचे किडे यांच्यासाठी वापरतात आणि ते इन्शुलिन स्रवू देत नाही. त्यामुळे माझे साखरेचे पाणी त्याला मदत करण्याऐवजी भरच घालणारे ठरले असते. पिसवांवर त्याचा भरवशाचा परिणामही होत नाही, म्हणजे ज्यासाठी मी ते घेतले त्याच्या उपयोगाचेच ते नव्हते. रात्रभर सलाइन, उबेची पेटी आणि दर अर्ध्या तासाने ठोके मोजणे सुरू राहिले. पहाटे चारच्या सुमारास पिल्लाने मान वर उचलली.

दुसऱ्या दिवशी दवाखान्यातल्या मदतनिसाने बाटलीवर वाफ धरून पिवळे स्टिकर एका कोपऱ्यातून सोलले. खाली मूळ कंपनीचे छापील लेबल होते: ॲमिट्राझ १२.५ टक्के, बाजूला जनावराच्या डोक्याचे चित्र, पाण्यात मिसळूनच वापरण्याची सूचना आणि चार महिन्यांखालच्या पिल्लांना न वापरण्याचा इशारा. वापराची मुदत संपून सात महिने झाले होते. स्टिकर नेमके एवढ्याच ओळी झाकेल अशा मापाचे कापलेले होते. माझ्या समोरच्या माणसाला आपण काय विकत आहोत हे माहीत नव्हते, असे ते पाहिल्यावर मला म्हणता येत नाही.

ज्यांच्या घरी एवढे लहान पिल्लू आहे त्यांनी बाटलीवर पहिल्यांदा काय शोधावे, हे मी त्या रात्रीनंतर शिकले. १९४० च्या औषधे व सौंदर्यप्रसाधने कायद्याखालील १९४५ च्या नियमांनुसार जनावरांच्या औषधावर घटकद्रव्याचे नाव, बॅच क्रमांक, उत्पादनाचा परवाना क्रमांक, मुदतीची तारीख, पाळीव जनावराच्या डोक्याचे चिन्ह आणि ते माणसांसाठी नसून जनावरांच्या उपचारासाठी आहे ही सूचना असावी लागते. यांपैकी काहीच नसलेली बाटली ‘हर्बल’ असो वा नसो, ती घेऊ नये. त्यानंतर किमान वय आणि किमान वजन यांची ओळ पाहावी, कारण लहान पिल्लाच्या बाबतीत सगळा धोका त्या ओळीतच असतो. एकच द्रव्य कोणत्या रूपात आहे यावरही वय बदलते: मानेवर टाकायची फिप्रोनिलची (हे पिसवा मारणारे द्रव्य) नळी आठ आठवड्यांनंतर वापरतात, तर त्याच द्रव्याचा ०.२५ टक्क्यांचा फवारा दोन दिवसांच्या पिल्लालाही चालतो. मोठ्या कुत्र्याची नळी अर्धी करून लहानग्याला लावणे हा त्यावरचा उपाय नव्हे.

आमच्या पिल्लाच्या पिसवा शेवटी निघाल्या त्या मुख्यतः उवा काढायच्या बारीक दातांच्या फणीने. शेगडीपासून दूर, बंद खिडकीजवळ, मांडीवर पांढरा पंचा अंथरून त्याला बसवायचे, मानेपासून शेपटीकडे हळूहळू फणी ओढायची आणि दातांत अडकलेली पिसू लगेच साबणाच्या पाण्याच्या वाटीत बुडवायची. नखाने चिरडायला गेले की ती उडून जाते, पण साबणाच्या पाण्यात तिला उसळी मारता येत नाही. पहिल्या संध्याकाळी साठ मोजल्या आणि मग मोजणे सोडले. कान, काख आणि शेपटीचा बुडखा येथे त्या दाटीने बसतात. दोन दिवसांनी ते दूध नीट पिऊ लागल्यावर कोमट पाण्यात आंघोळ घातली. आधी मानेभोवती फेसाचे कडे केले, म्हणजे अंग भिजताच पिसवा डोळ्यांकडे पळत नाहीत. आंघोळ पाच मिनिटांत आटोपून लगेच टॉवेलने आणि मग लांबून धरलेल्या ड्रायरच्या मंद वाऱ्याने त्याला पूर्ण कोरडे केले. चार आठवड्यांच्या पिल्लाला स्वतःच्या अंगाची ऊब अजून नीट राखता येत नाही, त्यामुळे आजारी किंवा गार पडलेल्या पिल्लाला पिसवांसाठी भिजवायचेच नाही, फणीवरच भागवायचे. मला पाठ धुवायला सांगितली होती ती विष काढण्यासाठी. आठवडाभराने डॉक्टरांनी वजन करून, स्वतःच्या हातमोज्यावर मोजून घेतलेला फवारा त्याच्या अंगाला चोळला.

याहून अधिक काम जिन्याखाली होते. अंगावर दिसतात त्या पिसवा एकूण पिसवांचा लहानसा भाग असतात. अंडी, अळ्या आणि कोष हे अंथरुणात, फटींत आणि धुळीत पडलेले असतात, आणि कोषातली पिसू कित्येक आठवडे दबा धरून राहू शकते. ते गोणपाट आम्ही फेकून दिले, कपडे उकळत्या पाण्यात धुतले, कोपरा रोज झाडून केर पिशवीत बांधून बाहेर टाकला. महिनाभर रोज फणी चालू ठेवली, तेव्हा एके दिवशी पंचा पांढरा राहिला. पिसू गिळल्याने पट्टकृमी होतात, म्हणून जंताचे औषधही डॉक्टरांनी वजनाप्रमाणे दिले.

हे सगळे चालू असताना शेजारच्या काकूंनी प्रेमाने कापूर घातलेले खोबरेल तेल आणून दिले आणि कोणी टी ट्री तेल सुचवले. दोन्ही मी नम्रपणे परत केले, कारण पिल्लू अंग चाटते आणि ही दोन्ही द्रव्ये त्याच्यासाठी विषारी आहेत. रॉकेल, डांबरगोळ्यांची पूड आणि लसणाचा रस हे उपाय आपल्याकडे सर्रास सांगितले जातात. तेही पिल्लाच्या जिवावर बेततात.

दुकानदाराकडे परत गेले तेव्हा त्यांनी ती बाटली आपली नव्हेच असे सांगितले. अन्न व औषध प्रशासनाकडे मी लेखी अर्ज दिला असून सोबत बाटली, तिची स्टिकर सोलतानाची छायाचित्रे, पैसे पाठवल्याची मोबाइलवरील नोंद आणि पशुवैद्यांचे प्रमाणपत्र जोडले आहे. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावरही तक्रार नोंदवली आहे. चौकशी पूर्ण झालेली नाही, म्हणून दुकानाचे नाव लिहीत नाही. पिल्लू आता साडेतीन महिन्यांचे आहे, त्याचे वजन पाच किलो भरते आणि पहिल्या दोन लशी झाल्या आहेत. गेल्या गुरुवारी त्या दुकानावरून जाताना काउंटरवर पिवळ्या स्टिकरच्या बाटल्यांची रांग पुन्हा मांडलेली दिसली आणि एक कॉलेजातला मुलगा पिशवीतले पिल्लू पुढे करून काहीतरी विचारत होता. मी आत जाऊन त्याला बाजूला घेतले आणि हे सगळे सांगितले.