वॉरलॉकचे स्पेल सुधारले, करार मात्र अर्धाच लिहिला

डन्जन्स अँड ड्रॅगन्स या टेबलाभोवती बसून, पात्रं घेऊन कथा रचत खेळायच्या खेळाचं २०२४ चं नियमपुस्तक, प्लेअर्स हँडबुक, ३८४ पानांचं आहे. मी लिहितोय ते फक्त त्यातल्या वॉरलॉक या क्लासबद्दल, म्हणजे एखाद्या गूढ शक्तीशी करार करून जादू मिळवणाऱ्या पात्राच्या प्रकाराबद्दल. कोल्हापूरच्या राजारामपुरीत माझ्या घरी रविवारी आमचा खेळ असतो, डीएम (कथा चालवणारा आणि निकाल देणारा) मी, आणि सगळ्यात जास्त वाद याच क्लासवरून होतात.

आधी स्पेल, म्हणजे जादूचे मंत्र. खेळत जाईल तशी पात्राची लेव्हल वाढते; दुसऱ्या लेव्हलपासून दहाव्यापर्यंत वॉरलॉककडं स्लॉट, म्हणजे मंत्र वापरायच्या संधी, दोनच. शॉर्ट रेस्ट (छोटी विश्रांती) घेतली की परत मिळतात, पण ती गेममधल्या एका तासाची. २०१४ चं पुस्तक वापरायचो तेव्हा प्रत्येक लढाई संपली की वॉरलॉकला बसायचं असायचं आणि बाकीच्यांना पुढं जायचं असायचं. आता दुसऱ्या लेव्हललाच 'मॅजिकल कनिंग' मिळतं: मिनिटभराचा विधी केला की निम्मे स्लॉट परत, लाँग रेस्टपर्यंत (रात्रभराच्या विश्रांतीपर्यंत) एकदाच. दोनातला एक स्लॉट परत मिळाला तरी खेळ अडत नाही. एल्ड्रिच ब्लास्ट या वॉरलॉकच्या नेहमीच्या हल्ल्याच्या स्पेलचाही घोळ मिटला. जुन्या नियमात तो फक्त क्रीचरवर चालायचा, दाराची कडी उडवायची तर डीएमची परवानगी लागायची. आता वस्तूवरही मारता येतो.

खरा प्रश्न पेट्रनचा, म्हणजे करार ज्याच्याशी होतो त्या शक्तीचा. पूर्वी तो पहिल्याच लेव्हलला निवडायचा, आता तिसऱ्या. तोवर तो म्हणजे अंधारातला एक आवाज, ओळख नसलेला. करार आधी आणि कुणाशी ते नंतर, हे बऱ्याच जणांना खटकतं. मला फार आवडलं. आमच्या वॉरलॉकला दोन लेव्हल फक्त आवाज ऐकू येत होता, तिसऱ्या लेव्हलला स्मशानात वेताळ समोर आला. नियम फीन्ड या सैतानी पेट्रनचे, रूप आपल्या मातीतलं.

मग वेताळानं सांगितलं, घाटावरच्या नावाड्याला बुडव. वॉरलॉक खेळणारीनं नाही म्हटलं आणि मला विचारलं, "दादा, आता माझे स्पेल जाणार का?"

फायटर खेळणारा लगेच म्हणाला, "जाणारच की! ज्यानं दिलं त्यो काढून घेणार."

नवस बोलला की फेडायचा, हे आमच्यातल्या प्रत्येकाला घरातनंच ठाऊक, त्यामुळं त्याचं म्हणणं सगळ्यांना पटलं. पुस्तकात मात्र उत्तर नाही. पॅलाडिन या शपथबद्ध योद्ध्यानं शपथ मोडली तर काय, यावर वेगळी चौकट आहे. वॉरलॉकनं करार मोडला तर काय, यावर नियम नाही. नवव्या लेव्हलला 'काँटॅक्ट पेट्रन'मुळं त्याच्याशी थेट बोलता येतं, पण तो चिडलेला असेल तर काय, हे डीएमवरच सोडलंय. ही या पुस्तकातली मोठी उणीव आहे. एक पान तरी द्यायला हवं होतं.

मी स्पेल काढून घेतले नाहीत. स्पेल नसलेला वॉरलॉक खेळणाऱ्यानं नुसतं बघत बसायचं का? शिक्षा कथेत द्यावी, कॅरेक्टर शीटवर (पात्राच्या ताकदी लिहिलेल्या कागदावर) नाही. पुढच्या वेळी तिनं मॅजिकल कनिंगचा विधी केला, स्लॉट मिळाला, पण ते मिनिटभर वेताळ समोर बसून होता आणि विचारत होता, "नावाड्याच्या बदल्यात कोण?" तिनं फायटरचं नाव घेतलं. त्याच्यावर काय ओढवणार, हे आता मला ठरवायचंय, आणि दोघंही त्यासाठी आतुर आहेत.

फक्त वॉरलॉकसाठी पुस्तक घेणार असाल तर आधी एसआरडी ५.२ हा मूळ नियमांचा दस्तऐवज वाचा. क्रिएटिव्ह कॉमन्स या खुल्या परवान्याखाली फुकट आहे, त्यात वॉरलॉक आणि फीन्ड दोन्ही आहेत. आर्चफे, सेलेस्टियल किंवा ग्रेट ओल्ड वन यांपैकी पेट्रन हवा असेल तरच पुस्तकाला पैसे घाला.